दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू एकाच दिवशी काढायचा असेल तर

मोतीबिंदूच्या ऑपरेशनची आपल्याकडे ठरलेली रीत आहे. आधी जास्त खराब डोळा, मग महिना-दीड महिन्याने दुसरा. शिबिराच्या गाडीतून जाणाऱ्यांचं तर एका फेरीत एकाच डोळ्याचं होतं. त्यामुळे नागपूर-अमरावतीच्या एखाद्या डॉक्टरने "आजी, दोन्ही डोळे एकाच दिवशी करून टाकायचे का?" असं विचारलं की सोबत आलेला मुलगा गडबडतो. घरी बातमी पोचली की शेजारच्या काकू म्हणतात, "दोन्ही डोये एकाच दिवशी? काहून बाप्पा, बुढीले आंधळी करता का?"

काकूंच्या भीतीला आधार आहे. म्हणून ती झटकून टाकू नका, डॉक्टरांसमोर प्रश्न म्हणून मांडा. फिनलंड, स्वीडन, स्पेनची कॅनरी बेटं इथे ही पद्धत बरीच वर्षं रुळलेली आहे. कोविडच्या काळात ब्रिटन आणि कॅनडातही ती वाढली, कारण माणसाच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी होतात. नेदरलँड्समध्ये ८६५ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. एकाच दिवशी दोन्ही डोळे केलेल्यांचा चष्म्याचा नंबर, वेगवेगळ्या दिवशी केलेल्यांइतकाच बरोबर आला होता. भारतात मात्र अजून बहुतेक डॉक्टर एकेकच डोळा करतात, आणि सरकारी दवाखान्यात तर तुम्हाला तेच सांगितलं जाईल. त्यात काही चूक नाही. एकेक डोळा करणं ही चांगली, सुरक्षित पद्धत आहे. दोन्ही एकदम करणं काही जणांच्या सोयीचं, आणि तेही ठरावीक अटींवर.

भीती नेमकी कशाची

बाहुलीच्या मागे डोळ्याचं स्वतःचं भिंग असतं. वयाने ते गढूळ होतं, तोच मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये ते काढून प्लास्टिकसारख्या पदार्थाची लेन्स बसवतात. फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या चिरेतून भिंगाचे तुकडे करून ओढून घेतात आणि घडी होणारी लेन्स आत सरकवतात. फार कडक झालेल्या मोतीबिंदूला थोडी मोठी चीर देऊन बिनटाक्याचं ऑपरेशन करतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. एकाच दिवशी दोन्ही डोळे करणारे डॉक्टर मात्र बहुधा फेकोच करतात.

धोका आहे तो डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याचा. हे फार क्वचित होतं, हजारात एखाद्याला किंवा त्याहून कमी. पण झालं तर नजर जाऊ शकते. एकच डोळा केला असेल तर दुसरा शाबूत राहतो. दोन्ही एकदम केले आणि दोन्हींत एकच घाण गेली, तर माणूस पूर्ण आंधळा होऊ शकतो. म्हणून ही पद्धत वापरणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ मध्ये नियम लिहून काढले. त्यांचं सार एका ओळीत सांगता येतं: दिवस एक असला तरी ऑपरेशनं दोन समजायची, जणू दुसऱ्या डोळ्यासाठी दुसराच माणूस टेबलावर आला आहे.

डॉक्टरांना काय विचारायचं

आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं, असं वाटतं. ते मनातून काढा. जो डॉक्टर हे काम नेहमी करतो त्याच्याकडे उत्तरं तयार असतात.

पहिला प्रश्न: दुसऱ्या डोळ्याला हत्यारांचा वेगळा संच वापरता का, आणि तो निर्जंतुकीकरणाच्या वेगळ्या फेरीतून काढलेला असतो का? एकाच यंत्रातून एकाच वेळी निघालेले दोन ट्रे असतील तर यंत्रातला दोष दोन्ही डोळ्यांना बाधतो. दुसरा: डोळ्यात सोडायचं पाणी आणि औषधं दोन डोळ्यांना वेगळ्या बॅचची असतात का? तिसरा: मधल्या वेळात हातमोजे, गाऊन, डोळ्यावरची चादर सगळं बदलतं का? चौथा: ऑपरेशन संपताना डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडता का? युरोपात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या एका गोष्टीने संसर्गाचा धोका सुमारे पाचपटीने कमी झालेला दिसला.

आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: पहिल्या डोळ्यात काही अडचण आली तर दुसरा त्या दिवशी सोडून देणार ना? याचं उत्तर ठाम "हो" आलं पाहिजे. "काही होत नाही हो, रोज करतो" हे उत्तर नाही. तसं ऐकू आलं तर नमस्कार करून एकेक डोळा करायचं ठरवा, नाहीतर दुसरा दवाखाना बघा.

शाळेच्या खोलीत किंवा समाजमंदिरात टेबल टाकून कोणी ऑपरेशन करून देतो म्हणाला, तर एका डोळ्याचंही करू नका. गावच्या शिबिरात तपासणी व्हावी, ऑपरेशन रुग्णालयाच्या थिएटरमध्येच.

कोणाला चालेल, कोणाला नाही

दोन्ही डोळ्यांत साधारण सारखाच मोतीबिंदू, बाकी डोळा निरोगी, साखर आटोक्यात आणि दवाखाना लांब, अशा माणसाने विचार करायला हरकत नाही. भामरागडहून किंवा धारणीच्या पलीकडच्या गावातून येणाऱ्याला प्रत्येक फेरी म्हणजे दोन माणसांची दोन-तीन दिवसांची मजुरी. दोन वेगवेगळी ऑपरेशनं आणि प्रत्येकाच्या तपासण्या धरल्या तर फेऱ्या कितीतरी होतात. ज्यांना पूर्ण भूल द्यावीच लागते, म्हणजे स्थिर पडून न राहू शकणारे, त्यांनाही दोनदा भूल टळते. आणखी एक फायदा क्वचितच कोणी सांगतं. ज्यांना जाड भिंगाचा चष्मा आहे (फारच मोठ्या नंबराचं वेगळं, ते खाली), त्यांचा एकच डोळा झाला की दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक पडतो, पायरी चुकते, डोकं गरगरतं. दोन्ही एकदम झाले तर हा मधला त्रासाचा महिना येतच नाही.

काचबिंदू, मधुमेहाने खराब झालेला डोळ्याच्या मागचा पडदा, बुबुळाचा आजार, पूर्वी डोळ्याच्या आत आलेली सूज, फारच मोठा प्लस किंवा मायनस नंबर, पापण्यांना सतत खपल्या, नाकाजवळ दाबलं की कोपऱ्यातून पू येणं: यांपैकी काही असेल तर एकेक डोळाच बरा. मोठ्या नंबरच्या बाबतीत कारण सरळ आहे. पहिल्या डोळ्याचा निकाल पाहून दुसऱ्याची लेन्स थोडी कमी-जास्त करता येते. दोन्ही एकदम केले तर ती संधी जाते.

मोतीबिंदू "पिकू दे, मग काढू" म्हणत थांबलेले अनेक बुढे-बुढ्या अजून दिसतात. आता पिकण्याची वाट पाहायची गरज नाही. उलट फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, ऑपरेशन अवघड होतं, आणि कधी डोळ्यातला दाब वाढून भयंकर ठणका लागतो. तसं झालं की दोन डोळे एकदम करण्याचा विषयच संपतो.

तपासण्या

साखर, रक्तदाब, बहुतेक ठिकाणी ईसीजी. डोळ्याचा दाब, पडदा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी घालून, डोळ्यातून नाकात जाणारी नळी मोकळी आहे का ते. लेन्सचा नंबर काढायची तपासणी दोन्ही डोळ्यांची स्वतंत्र होते. उजव्याचा आणि डाव्याचा नंबर कागदावर वेगवेगळा लिहिलेला आहे का, ते स्वतः वाचा.

घेत असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या. लघवीच्या त्रासावरची टॅम्स्युलोसिन नावाची गोळी चालू असेल, किंवा पूर्वी कधी घेतली असेल, तर ते नक्की सांगा. त्या गोळीने बाहुलीभोवतीचा रंगीत भाग ऑपरेशनच्या वेळी ढिला पडतो आणि डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते तशी तयारी ठेवतात. बऱ्याच म्हाताऱ्यांना "डोळ्याच्या डॉक्टरला लघवीचं काय सांगायचं" असं वाटतं आणि तिथेच राहून जातं. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.

आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला सुरुवातीलाच विचारा की एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांना मंजुरी मिळते का. ऑपरेशनच्या सकाळी हा घोळ निघाला तर एकच डोळा होतो किंवा दुसऱ्याचे पैसे खिशातून जातात.

दिवस कोणता निवडायचा

थंडीतच ऑपरेशन करावं हा जुना समज. वैद्यकीयदृष्ट्या बाराही महिने चालतं. पण आपल्याकडे विचार वेगळ्या कारणांनी करावा लागतो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. दुसऱ्या दिवशीची आणि आठवड्याची तपासणी हुकली तर दोन्ही डोळे एकदम धोक्यात. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात, धुळीत आणि घामात डोळे जपणं कठीण. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात बुढीजवळ बसायला माणूस नसतो, आणि दोन्ही डोळे केलेल्या माणसाला पहिले काही दिवस कोणीतरी जवळ लागतंच. तूर-हरभरा घरात आला की फेब्रुवारी-मार्च हा काळ मला सगळ्यांत सोयीचा वाटतो.

एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ ला आणि सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. आधार कार्ड सोबत ठेवा. परतीचा प्रवास मात्र जमलं तर गाडी करूनच करा.

घर आधी लावून ठेवा

एक डोळा केला असता तर दुसऱ्याच्या आधाराने माणूस घरात फिरला असता. इथे पहिला दिवस-दीड दिवस दोन्ही डोळ्यांना धुरकट दिसेल, कारण औषधाने बाहुल्या मोठ्या केलेल्या असतात आणि उजेड बोचतो. पडून मांडीचं हाड मोडलं तर डोळ्यांचं कौतुक कोणाला राहणार? म्हणून उंबरठ्यावर आणि ओट्याच्या पायरीवर चुन्याची जाड पांढरी रेघ ओढा. खाटेपासून संडासापर्यंतच्या वाटेवरचं सामान, बकरीची दोरी, लाकडं उचला. संडास अंगणाच्या टोकाला असेल तर रात्रीसाठी खोलीतच सोय करा. बल्ब लावून ठेवा, वीज जाते म्हणून बॅटरी उशाशी. रात्री त्याच खोलीत एक माणूस झोपला पाहिजे. चूल त्याच खोलीत असेल तर खाट दुसरीकडे हलवा.

थेंबांची व्यवस्था

यावर मी थोडं जास्त लिहितो, कारण ऑपरेशन डॉक्टर करतो, पण पुढचे चार ते सहा आठवडे घरच्यांच्या हातात असतात.

दोन डोळे म्हणजे बाटल्यांचे दोन संच. एकाच बाटलीने दोन्हीकडे थेंब टाकायचे नाहीत; एका डोळ्यात काही झालं तर बाटलीच्या टोकावरून दुसऱ्यात जातं. उजव्याच्या बाटल्यांना लाल दोरा गुंडाळा, डाव्याच्या बिनदोऱ्याच्या ठेवा, आणि दोन वेगळ्या डब्यांत ठेवा. वाचता येणारा माणूस घरात नसला तरी दोरा हाताला लागतो. डबे उन्हात किंवा पत्र्याखाली तापतील असे ठेवू नका, माठाच्या जवळची जागा बरी.

टाकणारा माणूस एकच ठरवा. हात साबणाने धुऊन, स्वच्छ फडक्याने पुसून. बुढीला खाटेवर उताणी झोपवा, छताकडे पाहायला सांगा. खालची पापणी बोटाने हलकी खाली ओढली की एक छोटा खिसा होतो, त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला, केसाला, कशालाही लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बाहेरून मिनिटभर हलकं बोट ठेवा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसऱ्या प्रकारचं औषध टाकायचं असेल तर पाच मिनिटांनी. एका डोळ्याचं सगळं झालं की पुन्हा हात धुऊन दुसरा डोळा. डोळा पुसायचा तर गालावर ओघळलेलं तेवढंच, दवाखान्याने सांगितलेल्या निर्जंतुक कापसाने. पदराने नाही.

दिवसातून किती वेळा, ते डॉक्टरांच्या कागदावर असतं. साधारणपणे सुरुवातीला जास्त आणि दर आठवड्याला कमी-कमी. तो कागद भिंतीवर चिकटवा आणि दर वेळी कोळशाने किंवा पेनाने खूण करा. "आता छान दिसते" म्हणून आठ दिवसांत थेंब सोडून देणारे खूप आहेत. सूज उरलेली असते, ती मागाहून त्रास देते.

ऑपरेशनचा दिवस

आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करा, पुरुषांनी दाढी करा. काजळ, कुंकू, तेल काही नको. खर्रा आणि तंबाखू घरीच ठेवा. टेबलावर ठसका लागला तर डोळ्यातलं काम थांबतं. जुना खोकला असेल, उताणं झोपलं की दम लागत असेल, तर आधीच सांगा. घरी पाठीवर अर्धा तास न हलता पडून राहायचा सराव करा. उपाशी यायचं की खाऊन, हे दवाखानाच सांगेल. साखरेच्या रोग्याने मनाने उपास धरू नये.

कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या माणसाला थिएटरमधलं मराठी कळत नसेल तर नर्सला ते सांगा, आणि "हलू नका", "उजेडाकडे पाहा", "खोकला आला तर आधी सांगा" एवढी तीन वाक्यं आत जाण्याआधी त्याच्या भाषेत समजावून घ्या. ऐकायचं यंत्र असेल तर आत घालून नेता येईल का ते विचारा.

दोन्ही डोळे एका दिवशी करताना बहुधा थेंबांनीच सुन्न करतात. डोळ्याभोवती सुई दिली तर पट्टी बांधावी लागते, आणि दोन्हीकडे पट्टी म्हणजे माणूस दिवसभर आंधळा. दुखत नाही, पण पाणी सांडल्यासारखं आणि हलकं दाबल्यासारखं जाणवतं. मध्ये थोडा वेळ थांबून दुसऱ्या डोळ्याची सगळी तयारी पहिल्यापासून होते. त्या वेळी घाई वाटत नसेल तर ते चांगलं लक्षण समजा.

रात्र दवाखान्यात किंवा त्याच गावात काढा. दुसऱ्या दिवशी सकाळची तपासणी झाल्याशिवाय गावची बस धरू नका.

हे दिसलं तर त्याच क्षणी निघायचं

पहिले काही दिवस खुपखुप, थोडं पाणी, हलकी लाली हे चालतं. पण दुखणं वाढत चाललं, काल दिसत होतं त्यापेक्षा आज कमी दिसू लागलं, लाली वाढली, चिकट पू आला, पापणी सुजली, समोर विजा चमकल्या किंवा काळा पडदा सरकल्यासारखं झालं, तर थांबायचं नाही. संसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो आणि त्यात तास मोजावे लागतात. "सोमवारी बाजाराच्या दिवशी जाऊ" असं चालत नाही. आधी ऑपरेशन केलेल्या दवाखान्याला फोन, तो लागला नाही तर नेत्रविभाग असलेलं मोठं रुग्णालय: नागपूरचं मेडिकल किंवा एम्स, सेवाग्राम, सावंगी, जे जवळ असेल ते. रात्रीची गाडी कोणाची, त्याचा नंबर ऑपरेशनच्या आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

रोज सकाळी एकेक डोळा हाताने न दाबता झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचे मोठे आकडे वाचायला लावा. दोन्ही डोळे उघडे असले की एकाची कमी झालेली नजर दुसऱ्यामुळे लक्षातच येत नाही. मध, गुलाबपाणी, एरंडेल, बाळंतिणीचं दूध, यांतलं काहीही डोळ्यात घालायचं नाही, मग सांगणारा कितीही जाणता असो.

पुढचे आठवडे

रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांवर प्लास्टिकची जाळी चिकटपट्टीने लावायची, बहुतेक डॉक्टर आठवडाभर सांगतात. बाहेर पडताना काळा चष्मा. डोक्यावरून पाणी डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाही, तोवर गळ्याखाली आंघोळ आणि ओल्या फडक्याने चेहरा. डोळे चोळायचे नाहीत. नातवंडं अंगावर उड्या मारतात, त्यांना आवरा. चुलीचा धूर, गोठा, शेणाचे हात, उफणणी आणि फवारणी यांपासून महिनाभर तरी लांब. वावरात कधी जायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

खाण्याला बंधन नाही. आंबट बंद, वरण बंद, वांगं बंद, हे सगळं उगाच. टीव्ही पाहिला तरी डोळ्यांना इजा होत नाही.

पांढरा रंग अचानक निळसर-लख्ख दिसतो, कारण इतकी वर्षं पिवळ्या भिंगातून पाहायची सवय असते. घाबरू नका, सवय होते.

चष्मा

साध्या लेन्सने लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं वाचायला आणि सुईत दोरा ओवायला चष्मा लागतोच. पक्का नंबर महिना-दीड महिन्याने काढतात. त्याआधी महागडा चष्मा करून घेऊ नका. दोन्ही डोळे झालेले असल्याने मधल्या काळात दुकानातला साधा जवळचा चष्मा, साधारण अडीच नंबरचा, डॉक्टरांना विचारून वापरता येतो.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट वाटलं तर मोतीबिंदू परत आला असं कोणी म्हणेल. तो परत येत नाही. लेन्सच्या मागची पातळ पिशवी गढूळ होते, आणि लेझरने काही मिनिटांत ती साफ करतात, बाहेरच्या बाहेर. तेव्हा डॉक्टर लेन्सचं कार्ड मागतील. दोन डोळ्यांची दोन स्टिकरं असलेली ती कार्डं पहिल्याच दिवशी मागून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि आधार कार्डाच्या पाकिटात ठेवून द्या.